आईची जीभ आणि निळं पाणी

ईरा, निहार, तुम्हा दोघा नातवंडांसाठी हे लिहिते आहे. परवा ईराचा फोन आला. तिकडे तिची सकाळ होती, इकडे माझा संध्याकाळचा चहा. माझ्या दंडावर तुमच्या आईने चिकटवून दिलेली ती गोल चकती माझ्या रक्तातली साखर मोजते आणि आकडा तुमच्या फोनवर पाठवते. त्यामुळे सातासमुद्रापलीकडे बसून तुम्हाला कळतं, वसईत आजीने काहीतरी गिळलं. "आजी, तुझा आकडा वर गेलाय. काय खाल्लंस?" ईराने विचारलं आणि मी फोन ठेवून दिला. मागून निहारने चिडल्याचं चित्र पाठवलं. मग तुमच्या आईने मला समजावलं की मुलं काळजीपोटी विचारतात. मला ते ठाऊक आहे. राग तुमच्यावर नव्हता. तो फार जुना आहे, आणि तो कुणावर आहे हे फोनवर सांगण्यासारखं नाही. मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून, ओळीने सांगायची सवय आहे. तेव्हा ओळीनेच सांगते.

आमचं घर निर्मळला. घर म्हणजे पुढे ओटी, मागे पडवी, आणि त्यामागे पार बांधापर्यंत वाडी. केळी, नारळ, कडेने मोगरा आणि तगर. सकाळी पंपाची धडधड सुरू झाली की घर जागं व्हायचं. देवळातली घंटा आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली तर नंदाखाल गावाकडून चर्चची घंटा, दोन्ही त्या धडधडीत मिसळून जायच्या. सायकलीच्या मागे फुलांची टोपली बांधून माणसं स्टेशनकडे निघायची. चुलीवर तांदळाची भाकरी फुगायची, बाजूला सुक्या बोंबलाचं कालवण. घरात आम्ही चौघंच. आई, माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायची, मी, आणि वडिलांचे थोरले भाऊ, मोठे काका. काकी माझ्या जन्माआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. वाडी दोघा भावांची, पण शब्द काकांचा. दादा सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि घरात आले की त्यांचं तोंड पाहुण्यासारखं मिटायचं. मी नन्सच्या इंग्रजी शाळेतून शिकून कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. काका पाहुण्यांना सांगायचे, "आमची पोर फाडफाड इंग्रजी बोलते." ती फाडफाड त्यांना ओटीवर चालायची, स्वयंपाकघरात नाही.

तुम्ही सुकेळी खाल्ली आहेत. मी पाठवते ती, पानात बांधलेली, मधाच्या रंगाची. पण ती होतात कशी ते तुम्ही पाहिलेलं नाही. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, आणि उंच मांडवावर बांबूचे तट्टे पसरून त्यांच्यावर उन्हात वाळवायची. संध्याकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. थोडंही पाणी आत राहिलं तर बांधल्यावर सुकेळं आंबतं आणि व्यापारी अख्खी पाटी परत पाठवतो. बाहेरून ते कळत नाही. सोनेरी दिसतं, हाताला चिकटतं, आणि आत कच्चं असतं. ते ओळखायला जीभ लागते. आमच्या घरात ती जीभ आईची होती. माझ्या आजीने, म्हणजे काकांच्या आईने, शेवटच्या दिवसांत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मांडव आता शालिनीचा, म्हणजे आईचा. तेव्हापासून प्रत्येक तट्ट्यावरचं एक सुकेळं आई उचलायची, मधोमध दात लावायची, डोळे मिटून सावकाश चावायची आणि गिळायची. गिळल्यावर घशात जी चव मागे राहते तीच खरी, असं सगळे मानायचे. मग ती म्हणायची, "हे झालं," किंवा "ह्याला अजून दोन उन्हं." तिच्या शब्दावर माल बांधला जायचा. दूरदूरचे व्यापारी विचारायचे, "वहिनींनी चाखलंय ना?" आणि दात लावलेलं उरलेलं सुकेळं? उष्टं परत तट्ट्यावर ठेवता येत नाही आणि लक्ष्मी टाकता येत नाही. ते आईनेच संपवायचं. प्रत्येक तट्ट्याचं, रोज, सगळा हंगामभर. ह्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आईच्या पायाला केळीच्या खुंटाने खरचटलं आणि ती जखम भरेना, तेव्हा मी तिला स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि मग आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं की डायबेटीस आहे, बराच आहे, आणि वजन उतरवायला हवं. आई तेव्हा चांगली भरलेली होती. आमच्याकडे त्याला खात्यापित्या घरची म्हणतात. आईने पदर सावरून विचारलं, "म्हणजे गोड बंद?" बाई म्हणाल्या, "गोड तर बंदच. भातही अर्धा. आणि ह्या गोळ्या रोज." मग माझ्याकडे वळून त्यांनी मला एक काम दिलं. तेव्हा घरोघरी साखर मोजायची यंत्रं नव्हती. बाईंकडे परदेशातून आणलेलं एक होतं, ते कपाटात कुलपात असायचं. रोजच्यासाठी होती ती जुनी रीत. औषधाच्या दुकानात एक निळं द्रावण मिळायचं. परीक्षानळीत ते थोडं घ्यायचं, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं, त्यात लघवीचे आठ थेंब सोडायचे आणि पुन्हा उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. बाई म्हणाल्या, "नुसता रंग बघू नकोस. आदल्या दिवशी आईने काय खाल्लं ते आठव आणि दोन्ही जोडून बघ. कशाने वाढतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. वजन उतरवायला त्याहून चांगला गुरू नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिवा पेटवला. काका दारात आले, त्यांनी नळीत काय आहे ते विचारलं, आणि मी सांगितलं. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. "चुलीशेजारी मूत उकळतेस? ह्याचसाठी शिकवली तुला?" दादा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही. मी नळी, दिवा, बाटली सगळं उचलून पंपाच्या खोलीत नेलं. तिथे एका फळीवर माझी प्रयोगशाळा थाटली. पंपाच्या आवाजात कुणी काही बोललं तरी ऐकू येत नसे, ही त्यातली सोय.

ते पावसाळ्याचे दिवस होते, मांडव रिकामा होता, आणि आम्हा दोघींचं काम फार छान चाललं. पहिल्या सकाळी नळी नारिंगी झाली. मी आईला विचारलं, "काल काय काय खाल्लंस?" तिने बोटांवर मोजत सांगितलं. दोन वेळचा भात, चार चहा, आणि देवळातला शिरा. आम्ही भात निम्मा केला. नळी पिवळी झाली. चहातली साखर गेली, भाकरीबरोबर भाजी वाढली, शिऱ्याचा फक्त दाणा जिभेला लावायचा ठरला. नळी हिरवी झाली. संध्याकाळी आई माझ्याबरोबर तळ्याला फेरी मारायला येऊ लागली. आधी देवळाच्या पायऱ्या चढताना ती दोनदा बसायची, मग एकदाच, मग एके दिवशी न थांबता वर पोचली आणि तिथून मलाच हाक मारली, "चल गं म्हातारे!" तिच्या पोलक्यांना मी बाजूने टीप घातली. सकाळी नळी उकळली की ती पंपघराच्या दारात उभी राहून विचारायची, "निळा का?" आणि ज्या दिवशी खरंच निळा राहिला त्या दिवशी ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत वाडीत पळाली. आईला पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हे जर तसंच चालू राहिलं असतं तर मला हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

आत्या आल्या गौरीला. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण, खाडीकडच्या गावात दिलेली, जीभ कोयत्यासारखी. ओटीवर पाय ठेवता ठेवता त्या ओरडल्या, "अगं बाय! वहिनी, हे काय? अर्धी उरलीस! गावात लोक मला विचारतील, भावांच्या घरात भात शिजत नाय का?" आई हसली. म्हणाली, "वन्सं, मुद्दाम उतरवलंय. बरं वाटतंय मला." "बरं कसलं वाटतंय! पानी पिऊन दिवस काढते ही, आणि म्हणे बरं!" आत्या थट्टा करत होत्या, पण ती थट्टा काकांना लागली. बाईमाणूस वाळलं म्हणजे घराची अब्रू वाळली. आणि त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. पाऊस ओसरत होता, राजेळीचे घड भरत आले होते, आणि मांडव उभा करायची वेळ आली होती. त्या संध्याकाळी मी जेवताना सांगितलं, "काका, यंदा आईला चव घेता येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

काकांनी घास खाली ठेवला. "सुकेळ्यात साखर कुठे असते गं? आपण घालतो का एक दाणा? ते उन्हाने गोड झालेलं. देवाचं गोड आहे ते. उपासाला चालतं, मग तुझ्या डायबेटीसला का चालू नये?"

मी समजावलं. फळातली साखर, पाणी उडून गेल्यावर ती कशी दाट होते, सगळं. मी कॉलेजात शिकत होते, मला वाटायचं समजावलं की माणसाला समजतं. आता मला कळतं की काकांना ते पहिल्या वाक्यालाच समजलं होतं. त्यांना मांडव चालवायचा होता, आणि मांडवाला जीभ हवी होती.

आठवडाभरात ते विरारच्या पलीकडच्या कुणा माणसाकडून काढा घेऊन आले. काळा, कडू, बाटलीत फसफसणारा. "हा सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. डायबेटीस मुळातून जातो. गोळ्या आजपासून बंद, दोन औषधं एकत्र चालत नाहीत. आणि ह्यावर सगळं खाल्लं तरी चालतं." ते सगळं म्हणजे काय, हे आम्हा सर्वांना माहीत होतं. मी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "दादासाहेब चौकशी करूनच आणतील." आपल्या थोरल्या भावाला ते दादासाहेब म्हणायचे. ते एवढं एकच वाक्य ह्या साऱ्या प्रकरणात बोलले. मी आज त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे, आणि त्यांच्याबद्दल पुष्कळ गोष्टी मला समजून घेता आल्या आहेत. हे वाक्य नाही.

आणि आईने काढा घेतला. मी पंपघरात तिच्यावर चिडले. "तुला निळा रंग आवडत नव्हता का? तू का ऐकतेस?" ती फळीला टेकून उभी होती. म्हणाली, "मी वर चढले नाही तर दुसरं कोण चढणार? ह्या घरात माझं काय आहे सांग. वाडी त्यांची, पगार तुझ्या दादांचा. मला लोक ओळखतात ते त्या मांडवावरून. तो सोडला की मी कोण? भाकऱ्या थापणारी." मला अजूनही त्यावर चांगलं उत्तर सुचलेलं नाही, आणि ज्यांनी एका बाईकडे स्वतःचं म्हणून फक्त तिची जीभ उरू दिली, आणि मग तीही वापरून घेतली, त्यांच्यावरचा माझा राग म्हणूनच कमी होत नाही.

हंगाम सुरू झाला. आई रोज मांडवावर चढे, चाखे, उष्टं संपवी, खाली येऊन काढा पिई. आणि तिचं वजन पुन्हा उतरू लागलं. पावसाळ्यात सावकाश उतरलं होतं, आता झपाट्याने. मी टीप घातलेली पोलकी पुन्हा ढगळ झाली. काकांचा आनंद गगनात मावेना. "बघितलंत? पोटभर खातेय आणि बारीक होतेय! काढ्याचा गुण!" गौरीत ज्या वाळण्याची लाज वाटली होती, त्याचाच आता डंका. लोक काकांकडे बाटल्या मागायला येऊ लागले. स्टेशनच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीत नव्याने राहायला आलेली दोन नोकरदार कुटुंबं स्कूटरवरून विचारत विचारत आली. काका ओटीवर खुर्ची टाकून बसू लागले, आवाजात वैद्यासारखा भार आला.

पण मी घरात होते. मला दिसत होतं की आई माठ संपवते आणि पुन्हा भरते. पायऱ्या चढताना ती आता तिसऱ्याच पायरीवर बसते. तिच्या पायाला मुंग्या येतात, डोळ्यांपुढे जाळं येतं, सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारते. पहिलं वजन ताकद ठेवून गेलं होतं. हे ताकदीसकट चाललं होतं. शरीराला साखर पेलत नाही तेव्हा ते स्वतःचंच मांस जाळून खातं. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी एकटीच त्यांच्याकडे गेले तेव्हा. "वजनाचा काटा चांगली बातमी देतो आणि वाईटही, दोन्ही एकाच तोंडाने," त्या म्हणाल्या. "कोणती ते तुझी नळी सांगेल." नळी रोज विटकरी होत होती. मी काकांना नेऊन दाखवली. त्यांनी नाक धरलं आणि म्हणाले, "उकळलं की कुणाचंही लालच होणार. त्यात काय शास्त्र?"

पहिला माल बांधायच्या आधी आमच्याकडे देवाला नैवेद्य असायचा. ओटीवर रांगोळी, केळीच्या पानावर पहिली सुकेळी, नातलग, शेजारी, दोन-तीन व्यापारी. त्या वर्षी काढा घेणारी माणसंही बोलावली होती. ओटी भरून गेली. आत्या खाडीवरून आल्या होत्या. नैवेद्य दाखवण्याआधी आईने सगळ्यांसमोर चाखून "झालं" म्हणायचं, अशी रीत. ती आतून आली, नऊवारी हिरवं लुगडं नेसून. त्या लुगड्यात ती कुणा दुसऱ्याचं नेसल्यासारखी दिसत होती. आणि काका उठले. त्यांच्या हातात आईचं एक जुनं पोलकं होतं, पावसाळ्याआधीचं. आत खुंटीवरून त्यांनीच काढून आणलं असणार. ते दोन्ही हातांनी ताणून त्यांनी लोकांपुढे धरलं. "हे बघा, ही होती. आणि ही बघा आता. शालिनी, उभी राहा जरा उजेडात. वळ अशी."

थोरल्या दिराने भावजयीचं पोलकं भर ओटीवर धरलं. कुणी म्हटलं नाही, "अहो, हे काय?" दादा खांबाशी उभे होते. व्यापारी मान डोलावत होते. स्कूटरवाल्या कुटुंबातली बाई म्हणाली, "वॉव, कमाल आहे हां." आईने मान खाली घातली आणि वळली. खरोखर वळली, बैल बाजारात वळवावा तशी.

मला त्या क्षणी काय झालं ते मी नीट सांगू शकते, कारण मी ते पुष्कळदा आठवलं आहे. मला रडू आलं नाही. डोकं एकदम थंड आणि स्वच्छ झालं. मी पंपघरात गेले, दिवा, नळ्या, निळी बाटली असं सगळं ताटात मांडलं आणि ओटीवर येऊन नैवेद्याच्या पानाशेजारी ठेवलं. काडी पेटवली. काका ओरडले, "अगं ए! देवाचं पान आहे ते!" मी म्हटलं, "काका, तुमच्या काढ्याचा गुण सगळ्यांना दाखवायचा ना? मग पुरता दाखवू." "उचल ते! घाण आहे ती!" "घाण नाही. साखर आहे. हवं तर मुंग्यांना विचारा."

कुणीतरी हसलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, आई ओटीवर नव्हती. ती मागच्या दाराने गेली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात लहान बाटली होती, झाकलेली नाही, लपवलेली नाही, आणि ती बाटली घेऊन ती पाहुण्यांच्या मधून चालत आली. तिने ती माझ्यापुढे ठेवली. "उकळ," ती म्हणाली.

मी निळं पाणी उकळलं. आठ थेंब सोडले. पुन्हा ज्योतीवर धरलं. हिरवं फार वेळ टिकलं नाही. पिवळं, नारिंगी, आणि मग ते जड, गढूळ, विटकरी. मी नळी उंच धरली. "हा सगळ्यात वाईट रंग. पावसाळ्यात काढा नव्हता, गोळ्या होत्या, सुकेळं नव्हतं, तेव्हा हा निळा होता."

"सगळ्यांचंच लाल होतं!" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "कुणाचंही उकळा!"

"माझं बघ," आत्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. आत्यांनी कमरेला पदर खोचला. "बघतात काय? कोन लाजतंय? चाळीस जनांसमोर वहिनीचं पोलकं धरलं तेव्हा नाय लाजलात ते!" आणि त्या मागच्या दाराने गेल्या, आल्या, आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. "घे गो. मी दिवसाला सहा कप चहा पिते, तीन चमचे साखर घालून. माझं पन लाल होतं का ते बघू."

मी दुसरी नळी घेतली. आठ थेंब. उकळलं. निळंच राहिलं. थंड होईपर्यंत सगळी ओटी त्या नळीकडे पाहत होती. निळंच. आत्यांनी दोन्ही नळ्या हातात घेतल्या, उजेडात शेजारी शेजारी धरल्या. मग आपल्या थोरल्या भावाकडे न बघता म्हणाल्या, "ह्या बाईला तुमी मारायला घेतलंय."

काका खुर्चीत बसले. मी वाट पाहत होते. इतक्या लोकांसमोर दिसल्यावर माणूस काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, आणि जे म्हणाले ते मी शब्दाशब्दाने लक्षात ठेवलं आहे. "बरं, बरं. एवढा हंगाम होऊ दे. मग बघू."

तेव्हा आई पुढे झाली. पानावरचं सुकेळं उचललं. मला वाटलं, पुन्हा. एवढं होऊन पुन्हा. तिने मधोमध दात लावला, डोळे मिटले, सावकाश चावलं. मग ती वाकली आणि नैवेद्याच्या पानाच्या कोपऱ्यावर ते सगळं थुंकली. पाण्याने चूळ भरली, तीही तिथेच टाकली. उरलेलं सुकेळं काकांच्या मांडीवरच्या पोलक्यावर ठेवलं.

"झालं नाही," ती म्हणाली. "दोन उन्हं अजून. आणि ह्यापुढे मी अशीच चाखणार. थुंकून. कुणाला लक्ष्मीचा अपमान वाटत असेल त्याने ते उष्टं संपवावं."

कोणी संपवलं नाही. व्यापाऱ्यांपैकी एक जण, वयस्कर, खाली पाहत म्हणाला, "वहिनी म्हणतात तर दोन उन्हं द्या." त्याला मालाशी मतलब होता, पण त्या दिवशी त्याचे शब्द मला कुठल्याही सांत्वनापेक्षा मोठे वाटले. गिळल्याशिवाय खरी चव कळत नाही, ही एवढ्या वर्षांची समजूत तिथल्या तिथे मेली. गिळायची गरज कधी नव्हतीच. ते फक्त कुणी विचारलं नव्हतं.

दादांनी स्कूटर काढली. आईला मागे बसवलं आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कपाटाचं कुलूप उघडून यंत्र काढलं, बोट टोचलं, आकडा बघितला आणि दादांना इतक्या खालच्या आवाजात काही सांगितलं की ते घरी आल्यावर बराच वेळ ओटीच्या पायरीवरच बसून राहिले. त्या दिवसापासून आईला इन्सुलिन लागलं. काचेची सिरिंज मी सकाळी उकळायची. स्वयंपाकघराच्या ओट्यावर. कुणी हरकत घेतली नाही.

हा शेवट असता तर मी ही हकिकत हसून सांगितली असती, आणि आत्यांची वाटी हा आमच्या घरातला कायमचा विनोद आहेच. पण आईचा उजवा डोळा गेला. एकदम नाही, हळूहळू, पुढच्या काही वर्षांत. त्या एका हंगामानेच गेला असं म्हणता येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. ते बरोबर आहे. ते डॉक्टर आहेत, त्यांना पुराव्याने बोलावं लागतं. मी तिची मुलगी आहे. काका पुष्कळ जगले. काढा त्यांनी बंद केला नाही, फक्त आमच्या घरात आणला नाही. ते गेले तेव्हा दारात लावलेल्या फलकावर त्यांच्या हातून अनेक रुग्णांची सेवा घडल्याचं लिहिलं होतं. मी तो फलक वाचला, चप्पल न काढता तशीच परत फिरले, आणि दहाव्यालाही गेले नाही. लोक अजून मला सांगतात की गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरते. नीट घडी घालून, जिथल्या तिथे ठेवते.

पुढे तुमच्या आजोबांनी मुंबईहून पहिलं यंत्र घरी आणलं, तेव्हा आई माझ्याकडे राहत होती. मी तिचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर लावला, आणि आकडा यायची वाट पाहिली. ती एका डोळ्याने माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आकडा वाचून दाखवला. तिने हात झटकला. "आकडे तू ठेव. रंग सांग. निळा का?"

आदल्या दिवशी कुणीतरी साखरपुड्याचे पेढे आणले होते, आणि माझी पाठ वळताच आग्रहाने तिच्या हातावर दोन ठेवले होते. एक सवाष्ण म्हणून, एक आशीर्वादाचा, "एवढ्याने काय होतंय" म्हणत. "पिवळा आहे, आई," मी म्हटलं.

आई जराशी पुढे सरकली. तिचा आवाज एकदम तरणा झाला. "मग मी काय खाल्लं ते विचारत बसू नकोस. ते मला माहितीये. पेढा ज्याने हातावर ठेवला त्याला बोलावून आण, आणि त्याच्यासमोर उकळ."